बाळाच्या किडनीला 'सूज' म्हणायचं का?

वहिनीचा विसाव्या आठवड्यातला अनॉमली स्कॅन (पोटातल्या बाळाचे अवयव तपासणारी सोनोग्राफी) झाला, रिपोर्टात 'माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस' आलंय आणि घरात सगळे 'बाळाच्या किडनीला सूज आलीय' म्हणून हादरलेत. सूज हा शब्द बरोबर आहे का? दुसरा काही साधा मराठी शब्द?

– सूज नका म्हणू. सूज म्हटलं की इन्फेक्शन, दुखणं, गोळ्यांचा कोर्स असलं काहीतरी डोक्यात येतं. इथे किडनीत तयार झालेली लघवी जिथे गोळा होते आणि मग खाली नळीत उतरते तो भाग नेहमीपेक्षा रुंद दिसतोय एवढंच. २८ आठवड्यांच्या आत ही रुंदी ४ मिलिमीटरच्या आत आणि त्यानंतर ७ च्या आत असली तर नॉर्मल धरतात. शंभरात एकदोन गरोदरपणांत हे दिसतं आणि माइल्ड असेल तर बहुतेक बाळांचं आपोआप जातं. मी 'फुगवटा' म्हणेन. 'लघवी तुंबलीय' म्हटलं की अडथळा आहेच असं वाटतं, माइल्ड असताना बऱ्याचदा तो नसतोच. आणि कळकळीने सांगते, वहिनीसमोर 'व्यंग' शब्द अजिबात नको.

– आमच्याकडे 'किडनीत पाणी झालंय' म्हणतात, ते चालेल?

– हायड्रो म्हणजे पाणीच, त्यामुळे अर्थाला धरून आहे, पण गोंधळ होतो हो. 'पाणी कमी आहे' असं आपण गर्भजलाबद्दल बोलतो आणि साधारण सोळाव्या आठवड्यानंतर ते गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच असते. म्हणून दोन्ही किडन्यांत फुगवटा, मूत्राशय मोठं आणि वर गर्भजलही कमी, असं एकत्र आलं तर खाली मूत्रमार्गातच अडथळा असू शकतो, तिथे 'तुंबणं' हाच खरा शब्द. अशा वेळी घरी नारळपाणी पाजत बसू नये, लगेच फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या आजारांच्या डॉक्टरांना दाखवावं.

– वहिनीच्या रिपोर्टात गर्भजल नॉर्मल आहे, फुगवटा एकाच बाजूला.

– मग बत्तीस आठवड्यांनंतर परत सोनोग्राफी सांगतील, ती चुकवू नका. बाळ झाल्यावरही एक करतात, फक्त पहिल्या ४८ तासांतल्या 'नॉर्मल'वर विसंबू नका, तेव्हा बाळाला लघवीच कमी होते, त्यामुळे फुगवटा असला तरी दिसत नाही.