टायटल वनचे पैसे राज्यांवरच का सोपवू नयेत?

एडिसनकर: प्रॉपर्टी टॅक्सचं बिल बघून डोळे पांढरे झाले. त्यातला सगळ्यात मोठा वाटा शाळांचा, त्याबद्दल तक्रार नाही. पण वॉशिंग्टनलाही आपण कर भरतोच, आणि तिथून 'टायटल वन'खाली गरीब मुलांच्या शाळांना वर्षाला १८ अब्ज डॉलरच्या वर रक्कम जाते. अध्यक्ष जॉन्सनने १९६५ मध्ये हे सुरू केलं. साठ वर्षांनंतरही गरीब आणि सधन घरांतल्या मुलांच्या वाचनातलं अंतर काही मिटलेलं नाही. मग हे राज्यांनीच बघावं ना.

खडूफळा: मी टेक्सासात टायटल वन शाळेत शिकवते. आमच्याकडे वाचनासाठी एक जादा शिक्षिका आहे. तिसरीतली चार-पाच पोरं घेऊन ती लायब्ररीच्या कोपऱ्यातल्या अर्धगोल टेबलाशी बसते, बोट ठेवून एकेक शब्द वाचून घेते. तिचा पगार यातून निघतो. पैसे बंद, की ती घरी.
आणि १८ अब्ज ऐकायला मोठे. शाळांच्या एकूण खर्चात केंद्राचा सगळा मिळून वाटा साधारण दहावा हिस्सा, टायटल वन त्यातला एक तुकडा. बाकी राज्याचे आणि स्थानिक कर. जिथे घरांनाच किंमत नाही, तिथे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सॅन अँटोनियोच्या एजवुडमधले पालक याच मुद्द्यावर सुप्रीम कोर्टात गेले होते. १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी हरले.

नाना_ओहायो: ताई, शिक्षिका हवीच. माझं भांडण वाटपाशी आहे. एक नाही, चार सूत्रं! त्यातल्या दोनांत गरीब मुलांची टक्केवारी किंवा नुसती संख्या, जे डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे स्थानिक शाळा-विभागाच्या) फायद्याचं ते धरतात. म्हणजे एखाद्या अवाढव्य, खात्यापित्या उपनगरी डिस्ट्रिक्टला दर गरीब मुलामागे आमच्याकडच्या बंद कारखान्यांच्या गावापेक्षा जास्त मिळू शकतात. वर छोट्या राज्यांना ठरलेली किमान रक्कम. प्रत्येक खासदाराच्या पानात काहीतरी पडलंच पाहिजे ना!

एडिसनकर: हेच म्हणतोय मी. गरीब भागांतल्या शाळांना पुरेसा पैसा मिळावा म्हणून राज्यावर ॲबट खटला झाला, त्यानंतर आमच्या न्यू जर्सीने ३१ गरीब डिस्ट्रिक्टना राज्याच्या तिजोरीतून पैसा दिला. जमतं की राज्यांना.

खडूफळा: जमलं नाही हो, कोर्टाने मानगूट धरून जमवायला लावलं. खटला १९८१ चा, वर्षानुवर्षं चालला. आणि दक्षिणेतली राज्यं? शाळांतलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या ब्राउन निकालानंतर दहा वर्षं तिथल्या बहुतेक शाळांत काळी-गोरी मुलं वेगळीच बसत होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने भेदभाव करणाऱ्यांचा केंद्राचा निधी रोखता येऊ लागला, आणि पुढच्याच वर्षी टायटल वनमुळे रोखण्याजोगी रक्कम आली. मग कुठे डिस्ट्रिक्ट हलायला लागले. सूत्र बदला, माझी सही घ्या. पण राज्यांच्या भरवशावर नको.

नाना_ओहायो: सही मीही करतो. पण ज्या राज्यांचं कमी होणार, त्यांचे सिनेटर हात वर करतील का, तेवढं सांगा.