अकरा वर्षांनी तालमीत परत जायचंय, पण लाज वाटते (गुडघ्याचं ऑपरेशनपण झालंय)

मुंगळा_कराड:
नमस्कार मंडळी, लिहू का नको असं महिनाभर चाललेलं. वय 31, हिंजवडीत आयटीत, गाव कराडजवळ. आठवीपासून सहा वर्षं कोल्हापुरात तालमीत होतो. पहाटे चारला उठायचं, जोर बैठका, मातीचा हौदा खणायचा, मग लढती, वर थंडाई, आणि दुपारी मेल्यासारखं झोपायचं. 2014 च्या यात्रेत गावच्या मैदानात शेवटून दुसरी जोड माझी होती, हलगी वाजतेय, अख्खा गाव गोळा झालाय, आई आयुष्यात पहिल्यांदा माझी कुस्ती बघत होती तीपण लांब एका गच्चीवरून, आणि मी शड्डू ठोकून गेलो आणि दीड मिनिटात समोरच्यानं घिस्सा डाव मारून चितपट केलं. टाळ्या त्याला, मी माती झाडत गर्दीतनं निघालो ते थेट घरी, त्याच्या हातात हातपण दिला नाही. नंतर दोन महिन्यांनी सरावात गुडघा गेला, एसीएल, म्हणजे गुडघ्यातला लिगामेंट. तालीम सुटली.

आता पोट सुटलंय, चिडचिड वाढलीय, जिम तीनदा लावून सोडली. मातीचा वास आठवतो. पुण्यात घराजवळ एक तालीम सापडलीय पण दारापर्यंत जाऊन दोनदा परत आलो. आत पंधरा-सोळा वर्षांची पोरं असणार, ती मला धुणार. गुडघा झेपेल का? कुणी असं मध्ये सोडून परत गेलंय का?

निवांत_नाना:
आधी फिजिओकडं जा बाबा, इथं विचारू नको. दोन्ही मांड्यांची ताकद सारखी आहे का, एका पायावर उडी मारून नीट टेकतोस का, हे बघून सांगतात ते. माती मऊ वाटते पण पाय रुतून बसतो आणि वरचं अंग फिरतं, गुडघा पिळवटतो तो तिथंच. बाकी लाजेचं औषध माझ्याकडं नाही 😄

जुना_पठ्ठ्या:
मुंगळ्या, रागावू नको, पण गुडघ्याला तू एक ओळ दिलीस आणि यात्रेला अख्खा परिच्छेद. तुझा गुडघा कधीच बरा झालाय, दुखतंय दुसरंच.

तू कराडचा म्हणजे गोळेश्वर तुझ्या शेजारीच. तिथले खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटची सवय नव्हती, सगळा जन्म मातीत गेलेला, तरी सहावे आले. मग परत चार वर्षं घासली आणि 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ. पण लोक विसरतात ते हे की त्या दुसऱ्या वेळी जायला पैसे नव्हते, गावानं वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले. आपल्याकडं पैलवान असाच उभा राहतो, कुणाचं दूध, कुणाचे बदाम, कुणी अंगावर घेऊन सराव दिलेला. तू हरलास ते तुझ्या एकट्याचं नव्हतंच, तू उगाच एकट्यानं उचलून पुण्याला घेऊन गेलास.

माझं सांगतो. 26 वर्षांचा असताना वस्तादांनी मला मैदानात जोड लावायची बंद केली, म्हणाले आता पोरं खेळव. मला वाटलं संपवलं मला. वर्षभर तोंड पाडून खेळवली. पोराला खेळवायचं म्हणजे त्याला पट (पाय धरून पाडायचा डाव) काढू द्यायचा पण फुकट नाही, किती जोर लावायचा, कुठं सोडायचं, कुठं दाबायचं, हे सगळं अंगाला कळायला लागतं. एका तेरा वर्षांच्या पोराला ढाक डाव दाखवता दाखवता कळलं की माझीच कंबर कधी पुरती आत घुसत नव्हती, दहा वर्षं नुसत्या हाताच्या ताकदीवर ओढत होतो! म्हणून म्हणतो, जा आणि पोरं खेळव.

सांगलीकर_ताई:
पठ्ठ्याकाका तुमचं पटलं पण शेवटचं नाही पटलं. दादा, लगेच पोरं खेळवायला जाऊ नका, ती पळवाट होईल, मोठेपणाही मिळतो आणि हरावंही लागत नाही. आधी स्वतः पाठ टेका.

मी मॅटवर खेळायचे. आम्ही सुरुवात केली तेव्हा तालमीत मुलींना कुणी उभं करत नव्हतं, वडिलांनी पोल्ट्रीच्या रिकाम्या शेडमध्ये जुनी मॅट टाकून दिली. 2023 ला सांगलीतच पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली, त्या दिवशी मी बाळाला घेऊन टीव्हीसमोर रडत होते. बाळंतपणानंतर दीड वर्षांनी परत गेले. आमच्याच शेडमधल्या, मी ज्यांना केस बांधायला शिकवलं त्या मुलींनी तीन महिने दहा-शून्यनं हरवलं, दुसरी फेरी बघायलाच मिळायची नाही. घरी येऊन भांडी आपटायचे. मग एक दिवस हरल्यावर मीच विचारलं, अगं पाय कुठून धरलास दाखव ना परत. ती इतकी खूश झाली की अर्धा तास शिकवत बसली. तेव्हापासून तिथं मजा यायला लागली. आता स्पर्धेला सगळ्यांना घेऊन जाणारी गाडी मीच चालवते, जिंकत अजूनही फारशी नाही.

मुंगळा_कराड:
अपडेट. फिजिओ म्हणाली सहा आठवडे व्यायाम, मग हळूहळू. केलं. परवा रविवारी गेलो. वस्तादांनी नाव, गाव, कुठं होतास एवढं विचारलं, माझे पैलवानी मोडलेले कान बघितले आणि बैठका घाल म्हणाले. चाळीसला पाय थरथरायला लागले (आधी हजार काढायचो 🤦). मग सातवी-आठवीतल्या एका पोराबरोबर उभं केलं. त्यानं सलामी दिली आणि पट असा काढला की मी आडवाच. पोरगं घाबरलं, काका लागलं का म्हणून विचारत बसलं. काका!! मी उठून हात दिला त्याच्या हातात आणि म्हटलं परत काढ, हळू काढ, बघू दे. ताई, तुमचं आठवलं म्हणून, नाहीतर बूट घालून निघालोच असतो.

यंदा यात्रेला गावी जाणार आहे, त्या वेळच्या समोरच्याचं आता फाट्यावर दूध संकलन केंद्र आहे म्हणे.

एक राहिलंच. जुना लंगोट आता कमरेला पुरत नाही, पुण्यात चांगला शिवून कोण देतं?

निवांत_नाना:
तालमीतल्या पोरांनाच विचार, त्यांचा ठरलेला शिंपी असतो. आणि दोन शिवून घे, वाळत नाही लवकर पावसाळ्यात.