वळवाची दुपार: तुमच्याकडच्या उन्हाळ्याचं लिहा की

शहापूरची माहेरवाशीण
काल चारच्या सुमाराला बेळगावात दणदणीत वळीव झाला. गारा पण पडल्या. गच्चीवरनं मिरच्या उचलताना शहापुरातलं आमचं जुनं घर आठवलं. तिथं गच्च्या एकमेकींना चिकटून. आभाळ काळं झालं की एकच आरडाओरडा, "पाऊस आला गं, वाळवण काढा!" ज्याचं घर बंद असेल त्याचं शेजाऱ्यांनी उचलायचं, मग ते मराठी घर असो की कानडी. पाऊस उघडला की सगळ्यांचे सांडगे, पापड, कुरडया आमच्या सोप्यात एकाच चादरीवर. आई नुसत्या आकारावरनं सांगायची, हा सांडगा कुणाच्या हातचा. ती ओळख मला कधी आली नाही, आणि ती शिकून घ्यायला आता आई नाही.
तुमच्या गावाकडचा उन्हाळा कसा होता, वळवाची दुपार कशी जायची, लिहा सगळ्यांनी.

जांबोटी रोड
करवंदं!!! दोन-तीन वळीव चांगले झाले की टपोरी होतात. आजी पहाटे रानात जायची, पानाच्या द्रोणातनं खानापूरच्या बाजारात विकायची. चीक लागून बोटं काळी. काजूच्या मोहोरावर मात्र अवकाळी पडला की वर्ष गेलं म्हणून समजा. आणि बघा, मलप्रभा आमच्याच कणकुंबीत उगम पावते, खरं मे महिन्यात खानापूरला नदीत नुसते खडक.

अनगोळ
लाईट आली काय कुणाची? फोन १२ टक्के. नंतर लिहितो.

अथणीकर
अक्का, तुमच्याकडं वळीव म्हणजे गारवा, आमच्याकडं धसका. बेदाणा शेडवर असतोय. द्राक्षं जाळीवर टाकली की वाळायला पंधरवडा तरी जातोय, त्यात भिजली की काळी पडतात, मग दर नाही. लहानपणी रात्री विजा चमकल्या की अण्णा सगळ्यांना उठवायचे. आम्ही पोरं ताडपत्रीचं टोक धरून उभी. वर्षभराची फी, बहिणीचं लग्न, सगळं त्या ताडपत्रीखाली. आभाळ भरलं की अजून पोटात गोळा येतोय. कृष्णेचं पात्र पण या दिवसांत आटतंय, कोयनेतनं पाणी सोडा म्हणून दरवर्षी मागणी असतेच.

शहापूरची माहेरवाशीण
अण्णा, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. यंदाचा माल निघाला काय सगळा?

अथणीकर
निघाला अक्का. देवाची कृपा.

वडगाव शिवार
वळीव झाल्याशिवाय आमची ढेकळं फुटत नाहीत. एक चांगला पाऊस झाला की नांगरट, मग कुळवणी. रोहिणी निघाली (२५ मेच्या आसपास) की भाताची धूळवाफ पेरणी. कोरड्या मातीत बी टाकून बसायचं, मृगानं उगवतंय. जुलैचा मोठा पाऊस येईपर्यंत रोपानं मूळ धरलेलं असतंय, म्हणून ही घाई. बापूंचं एकच सांगणं, कुरी (पेरायचं अवजार) धरायच्या आधी माती हातात घेऊन बघ. शिवारात आता प्लॉट पडूलालेत. बासमतीचा वास यायचा त्या वाटेनं, त्याचं फार वाईट वाटतंय.

बाईंची शाळा
वेगळंच सांगते. बेळगाव साधारण १५.८ अक्षांशावर, म्हणून मेच्या ३-४ तारखेला दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. अंगणात सरळ काठी उभी करा, सावली नाहीशी. सुट्टीत गल्लीतल्या पोरांना बोलावून दाखवते, ओरडतात नुसती. ऑगस्टच्या ८-९ ला पुन्हा तसंच होतं, पण तेव्हा ढग सूर्य दिसू देत नाहीत. एवढं डोक्यावरचं ऊन सोसूनही आपल्याकडं रात्री गार वाटतं, कारण गाव साधारण ७५० मीटर उंचीवर.

कांगली गल्लीतला
बाई, तुम्ही माझ्या शिक्षिका तर नव्हे? 🙏
आमचा वैशाख म्हणजे शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. एका वर्षी मध्यरात्री वळीव कोसळला. मी मावळा, मिशी गालावर ओघळलेली. एका अनोळखी आजीनं आत बोलावून डोकं पुसलं, चहा दिला, परत मिशी काढून दिली काजळानं. ते घर नंतर सापडलं नाही.

जांबोटी रोड
आजी लोकं अशीच ❤️

निपाणीची लेक
आई पत्र्याच्या खोलीत बिड्या वळायची. एप्रिलात पत्रा तापला की भिजवलेलं पान बघता बघता वाळायचं, वळताना फाटायचं, मोजणीत बिड्या बाद व्हायच्या, मजुरी कापली जायची. वळीव आला की आई हात थांबवून पाच मिनिटं दारात उभी राहायची. तेवढीच तिची विश्रांती. दुपारचं जेवण म्हणजे आंबील आणि कांदा.

शहापूरची माहेरवाशीण
ताई, वाचून गलबललं. आईला नमस्कार सांगा.

अनगोळ
लाईट आली. आंबील कशी करतात? पुण्याला सुनेला पाठवायची आहे कृती.

निपाणीची लेक
काका, नाचण्याचं पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवायचं. सकाळी उकळत्या पाण्यात सोडून हलवत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. पूर्ण गार झाल्यावरच ताक, नाहीतर फुटतंय. मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. सुनेला म्हणावं, पातळच ठेव, नंतर घट्ट होते.