कुकरची ‘शिट्टी’ इंग्रजीत कशी न्यायची?

खमंग: मराठी पाककृती इंग्रजीत करायची आहे, वाचक अमेरिकेतले. वाक्य असं: ‘तूरडाळ तीन शिट्ट्या काढून शिजवावी.’ तिथल्या इलेक्ट्रिक कुकरला शिट्टीच नसते. नुसतं ‘थ्री व्हिसल्स’ लिहून भागेल? मुळात इथे शिट्टी म्हणजे काय: वजन, आवाज की वेळ?

आधण: तिन्ही. ‘शिट्टी हरवली’ म्हणजे वजन, ‘शिट्टी झाली’ म्हणजे आवाज, ‘तीन शिट्ट्यांची डाळ’ म्हणजे वेळ. पण हे वेळेचं माप फसवं आहे. आत दाब साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर चढला की वाफ वजन उचलते, दाब उतरला की ते परत बसतं. आच मोठी असेल तर शिट्ट्या भराभर होतात, डाळ मात्र कच्चीच. म्हणून मिनिटं लिहा: पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून भिजवलेल्या डाळीला सहा-सात मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्यायची. डाळ थेट कुकरात घातली तर पाण्यासकट अर्ध्याच्या वर भरू नये. फेस झाकणातल्या वाफेच्या नळीत चढतो आणि शिट्टीऐवजी पिवळं पाणी उडतं. झाकण लावण्याआधी नळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का बघावी.

मुद्रितशोधक: ‘शिट्ट्या काढून’ खटकतं. शिट्ट्या होतात किंवा करून घेतात. शीळ घालतात, शिट्टी वाजवतात. ‘शिट्टी मारणे’ हे हिंदीचं.

रूळकरी: आणि इंजिन शिट्टी देतं, ते कुठे बसवणार? वाफेची शिट्टी गेली, हॉर्न आला, तरी क्रियापद तेच. फाटकाआधीच्या पिवळ्या पाटीवर अजून ‘सी/फा’ आहे, म्हणजे सीटी, फाटक. ती मात्र खरी हिंदी.

पाखरू: फरक क्रियापदाचा नाही, सुराचा आहे. ओठांच्या चंबूतून निघते ती शीळ, तिच्यावर गाणं वाजवता येतं. तोंडात दोन बोटं घालून काढतात ती शिट्टी, नुसता इशारा. (बघा, इथेही ‘काढतात’.) सह्याद्रीतल्या शीळकरी कस्तुर या पक्ष्याला कुणी ‘शिट्टीकरी’ म्हणणार नाही. पंचाच्या शिट्टीत गोळी असते म्हणून आवाज थरथरतो. थुंकीने गोळी चिकटली की नुसती फुसफुस.

मुद्रितशोधक: मग ‘व्हिसलब्लोअर’ला शिट्टीवाला म्हणू? वर्तमानपत्रांनी ‘जागल्या’ रूढ केला तेच बरं. रात्री जागून गावावर पहारा ठेवणारा.

आधण: पटत नाही. जागल्या बाहेरच्या चोरावर ओरडतो. हा घरातलाच माणूस घरातली चोरी सांगतो.

रूळकरी: ‘घरभेदी’ म्हणायचं का मग? बिभीषणाला झालं तेवढं पुरे. जागल्याच राहू द्या.

खमंग: डाळ डब्यात लावली तर मिनिटं किती धरायची?

मुद्रितशोधक: आधी ‘शिट्या’ की ‘शिट्ट्या’ ते ठरवा. एकवचनात ट दोनदा, तर अनेकवचनात एक गळेल कसा?

पाखरू: आम्ही ‘शिटी’ म्हणतो. आमच्याकडे गळायला दुसरा ट नाहीच.