सर्वसाधारण सभेच्या स्लाइड्स मागच्या रांगेतील सभासदालाही वाचता येतील अशा कशा कराव्यात?

प्रश्न — एका पतसंस्थेचा सचिव, खानापूर तालुका

नमस्कार. आमच्या पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी सप्टेंबरमध्ये भरते. यंदा संचालक मंडळाने असे ठरवले आहे की, अहवालाचे नुसते वाचन न करता त्यातील मुख्य गोष्टी प्रोजेक्टरवर दाखवाव्यात. सभासदांमध्ये भातशेती करणारे, काजूच्या बागा असलेले, निवृत्त शिक्षक आणि बचत गटांतील महिला आहेत. बहुतेक सर्व जण मराठी वाचतात, परंतु काहींना केवळ कन्नड वाचता येते. सभा दुपारी मंगल कार्यालयात होते आणि तेथे पूर्ण अंधार करता येत नाही.

एका स्लाइडवर किती मजकूर असावा, अक्षर किती मोठे असावे आणि दोन्ही भाषा कशा सांभाळाव्यात, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. ताळेबंद संपूर्ण दाखवावा असा काही संचालकांचा आग्रह आहे.

उत्तर १ — अभियांत्रिकी महाविद्यालयातील अध्यापक, बेळगाव

सचिव महोदय, आपल्या प्रश्नात मजकूर किती असावा हे आधी आले आहे, परंतु त्याहून आधी प्रत्येक स्लाइडने सभासदाला नेमके काय सांगायचे आहे हे ठरवावे लागते. बहुतेक स्लाइड्सच्या माथ्यावर ‘कर्जे व थकबाकी’ असे केवळ विषयाचे नाव असते, आणि त्याखालच्या आकड्यांतून अर्थ काढण्याचे काम सभासदावर सोडलेले असते. त्याऐवजी माथ्यावर पूर्ण वाक्य लिहावे. थकबाकी ९ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आली आहे असे उदाहरणापुरते धरू. तर ‘थकबाकी ९ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर उतरली’ हेच शीर्षक द्यावे आणि खाली दोन वर्षांचे दोन उभे स्तंभ दाखवावेत. ज्या स्लाइडसाठी असे एक वाक्य सुचत नाही, ती स्लाइड बहुधा नकोच असते.

शीर्षकाला इतके महत्त्व का द्यायचे, हे एका गंभीर प्रसंगावरून कळते. कोलंबिया हे अंतराळयान १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या पंखावर आदळला होता, आणि यान कक्षेत असतानाच त्यावरील विश्लेषण स्लाइड्सच्या रूपाने अधिकाऱ्यांपुढे मांडले गेले होते. त्यातील एका स्लाइडचे शीर्षक धीर देणारे होते. परंतु आदळलेल्या तुकड्याचे आकारमान चाचण्यांत वापरलेल्या तुकड्याच्या शेकडो पट होते, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्याच स्लाइडच्या तळाशी, लहान अक्षरांतील उपमुद्द्यांत पडून राहिली. चौकशी मंडळाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालात या मांडणीवर स्पष्ट टीका केली आहे. आपल्या सभेत कोणाच्या जिवाचा प्रश्न नसला, तरी कष्टाच्या ठेवींचा प्रश्न आहे, आणि वाईट बातमी असेल तर तीही शीर्षकातच यायला हवी.

ताळेबंदाविषयी माझे मत ठाम आहे. तो संपूर्ण असावा, पण छापील अहवालात. पडद्यावर त्यातील चार-पाच आकडे पुरेत: ठेवी, कर्जे, थकबाकी, निव्वळ नफा आणि प्रस्तावित लाभांश. स्लाइडच्या कोपऱ्यात ‘अहवाल, पान ७’ अशी नोंद ठेवली, तर ज्याला बारकाईने पाहायचे आहे तो हातातील पान उघडेल, आणि काही लपवले जात आहे अशी शंकाही कोणाला येणार नाही.

आणखी एक विनंती. स्लाइडवर लिहिलेले शब्द जसेच्या तसे वाचून दाखवू नयेत. तीच वाक्ये डोळ्यांनी वाचणे आणि कानांनी ऐकणे एकाच वेळी चालू असले, की दोन्हींकडचे लक्ष विस्कळीत होते. पडद्यावर आकडा असावा आणि त्यामागचे कारण आपण तोंडी सांगावे.

उत्तर २ — डीटीपी व छपाई व्यवसाय, निपाणी

वरील सरांचे म्हणणे योग्यच आहे. मी केवळ अक्षरांविषयी लिहितो, कारण सभेच्या दिवशी ऐन वेळी होणारा गोंधळ बहुधा अक्षरांमुळेच होतो.

श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर ज्या संगणकावर तो फाँट नाही तेथे अगम्य चिन्हांसारखा दिसतो. म्हणून संपूर्ण मजकूर युनिकोडमध्येच असावा. विंडोजमधील निर्मला यूआय या फाँटमध्ये देवनागरी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्या असल्यामुळे दोन्ही भाषांचे वळण एकसारखे दिसते. नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स कन्नड ही विनामूल्य मिळणारी जोडीही चांगली आहे. ती वापरल्यास पॉवरपॉइंटमध्ये फाँट फाइलमध्येच साठवण्याची जी सोय आहे ती निवडावी, आणि त्याच स्लाइड्सची एक पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर जवळ ठेवावी.

इंग्रजी मजकुरासाठी सांगितलेले नियम देवनागरीला तसेच्या तसे लावू नयेत. आपल्या अक्षराच्या वर रफार व मात्रा असतात आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींतील अंतर कमी पडले, की वरच्या ओळीतील ‘वसुली’चा उकार खालच्या ओळीतील ‘ठेवी’च्या वेलांटीत अडकतो. ओळींतील अंतर किमान सव्वापट ठेवावे. फार जाड फाँटही टाळावा. ‘वृद्धी’मधील जोडाक्षर दुरून काळ्या डागासारखे दिसू लागते. अक्षरे सुटी करण्याची जी सोय असते ती मराठीसाठी मुळीच वापरू नये, कारण तिने शिरोरेषा तुटते. मुख्य मजकूर ३२ पॉइंटच्या खाली आणू नये, आणि शीर्षक ४० च्या आसपास असावे.

तरीही हे आकडे सभागृहानुसार बदलतात. खात्री करायची असेल, तर घरीच करता येते. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा सुमारे साडेतेरा इंच रुंद असतो. कार्यालयातील पडदा ८ फूट रुंद असेल, तर तो लॅपटॉपच्या सात पट झाला. शेवटची रांग पडद्यापासून ५० फुटांवर असेल, तर लॅपटॉपपासून सात फुटांवर उभे राहून जे वाचता येते, तेच त्या रांगेतून वाचता येईल. ही चाचणी आपण स्वतः करण्यापेक्षा घरातील वडीलधाऱ्यांना करायला सांगावी, कारण आपल्याला मजकूर आधीच पाठ असतो.

उत्तर ३ — निवृत्त शिक्षिका, शहापूर, बेळगाव

दोन भाषांविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. एकाच स्लाइडवर सर्व मजकूर दोन्ही भाषांत दिला, तर अक्षर निम्मे होते आणि कोणालाच नीट वाचता येत नाही. दोन वेगवेगळे संच करून ते एकामागून एक दाखवावेत असेही काही जण सुचवतील, परंतु त्यात सभा लांबते आणि कन्नड वाचणाऱ्यांना सर्वांत शेवटी कळते, जे मला उचित वाटत नाही. ते आपलेच सभासद आहेत आणि त्यांची ठेवही त्याच संस्थेत आहे. म्हणून केवळ शीर्षकाचे वाक्य दोन्ही लिप्यांत, वर मराठी व खाली कन्नड, अशा रीतीने सारख्याच आकारात द्यावे. खालचा मजकूर आकडे आणि आकृती एवढाच ठेवावा, आणि आकडे इंग्रजी अंकांत लिहावेत, कारण ते दोन्ही बाजूंना वाचता येतात. कन्नड वाक्ये त्या भाषेतच शिकलेल्या एखाद्या सभासदाकडून आधी तपासून घ्यावीत. यंत्राने केलेल्या भाषांतरावर हिशेबाच्या बाबतीत विसंबू नये.

दुपारच्या उजेडाविषयी सांगायचे तर गडद पार्श्वभूमी टाळावी. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. काळ्या जागी तो केवळ प्रकाश टाकत नाही, आणि खिडकीतून आलेला उजेड ती जागा राखाडी करून टाकतो. पांढऱ्यावर काळी किंवा गडद निळी अक्षरे सर्वांत चांगली दिसतात. वाढ हिरव्याने आणि घट लाल रंगाने दाखवण्याची पद्धत आहे, परंतु काही पुरुषांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत. त्यामुळे रंगाबरोबर ‘वाढ’ आणि ‘घट’ हे शब्दही लिहावेत.

सचिव, खानापूर तालुका

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताळेबंद छापील अहवालात आणि पडद्यावर पान क्रमांकासह पाच आकडे, हा प्रस्ताव मी संचालक मंडळापुढे ठेवतो. एक शंका राहिली. सभासद प्रश्न विचारू लागतात, तेव्हा चर्चा एका विषयावर आणि पडदा दुसऱ्याच विषयावर, असे होते. त्या वेळी पडद्यावर काय ठेवावे?

उत्तर १ मधील अध्यापक

स्लाइड शो चालू असताना कळफलकावरील ‘बी’ हे बटण दाबले की पडदा काळा होतो, आणि पुन्हा दाबले की तीच स्लाइड परत येते. प्रश्नोत्तरांत पडदा असाच मोकळा ठेवावा, म्हणजे सर्वांचे लक्ष विचारणाऱ्या सभासदाकडे राहील. एखाद्या आकड्याविषयी प्रश्न आला, तर त्या स्लाइडचा क्रमांक टंकून एंटर दाबावे, म्हणजे थेट तीच स्लाइड उघडते. त्यासाठी क्रमांकांची यादी कागदावर लिहून व्यासपीठावर ठेवावी. सप्टेंबरमध्ये आपल्याकडे पाऊस असतो आणि वीज जाण्याची शक्यता असते, म्हणून त्या पाच आकड्यांच्या स्लाइड्सची मोठ्या अक्षरांतील छापील प्रतही अध्यक्षांच्या हाती असू द्यावी.