'कंटाळा आला' म्हणणाऱ्या मुलांना स्क्रीन न देता काय द्यावं?

रिकामपण:
मुलं ६ आणि ९ वर्षांची. खेळण्यांनी कपाट भरलंय, तरी तासाभरात 'आता काय करू?' सुरू. 'डोकं चालव, काहीतरी शोधून काढ' असं सांगून उपयोग होत नाही. घरातल्याच वस्तूंनी जमेल असं काही नेमकं सुचवा. कुठे फसतं तेही लिहा.

कातरकाम:
'काहीतरी शोधून काढ' इथेच गाडी अडते. एवढ्या मोकळ्या मैदानात मोठ्यांनाही सुचत नाही. एक अडचण तयार करून द्या: 'या खोक्यात एक जण राहतो, त्याला उजेड अजिबात सहन होत नाही, पण खिडकी तर हवीच.' लगेच हात चालू लागतात.

सामान म्हणजे एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं आणि सुटे तुकडे: झाकणं, दोरा, कापडाच्या चिंध्या, कागदाच्या नळ्या, कपड्यांचे चिमटे. ब्रिटिश कलाकार सायमन निकोल्सन यांनी १९७१ मध्ये 'सुट्या भागां'ची कल्पना मांडली, ती हीच: हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या वस्तू जितक्या जास्त, तितकी नवं काही करून बघायला जागा जास्त. एकाच कामाचं खेळणं म्हणूनच लवकर संपतं.

डिंक देऊ नका. तो वाळेपर्यंत खेळ थंड होतो. कागदी चिकटपट्टी द्या, ती काढून पुन्हा लावता येते. पुठ्ठा कापायचं काम मोठ्यांनी करावं, पण कुठे कापायचं ते मुलांनीच आखावं.

पडछाया:
सावल्यांचं नाटक करा. पांढरी चादर ताणून बांधा, मागे १ मीटरवर मोबाइलचा टॉर्च ठेवा, प्रेक्षक पुढे. पुठ्ठ्याची कापलेली बाहुली चादरीला टेकवली की सावली रेखीव आणि बाहुलीएवढीच. बरोबर मध्ये, ५० सेंमीवर आणली की दुप्पट. त्याहून टॉर्चजवळ नेली की राक्षस! पात्र 'रागावलं' की मोठं होतं, हे मुलांना स्वतःलाच सापडू द्या.

ट्यूबलाइटवर प्रयोग करू नका. लांब दिव्याच्या प्रत्येक भागाची वेगळी सावली पडते आणि कडा पुसट होतात. बाहुलीचा हात हलायला हवा असेल तर सांध्यात भोक पाडून दोरा ओवा आणि दोन्ही बाजूंना गाठ मारा. गाठ करकचून मारली तर हात अडकतो, थोडी ढील ठेवा. आणि आधी गोष्ट लिहून काढायचा आग्रह नको, तो अभ्यास होतो.

चौकटराजा:
वरचे दोन्ही उपाय चांगले, पण इतक्या लगेच धावून जायची गरज आहे का? सँडी मान आणि रेबेका कॅडमन या मानसशास्त्राच्या संशोधकांच्या २०१४ च्या प्रयोगात काहींना आधी १५ मिनिटं फोनचे नंबर उतरवायला लावले, मग प्लॅस्टिकच्या कपांचे उपयोग सुचवायला सांगितले. कंटाळलेल्यांनी जास्त उपयोग सुचवले. प्रयोग मोठ्या माणसांवरचा आहे, मुलांना जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी पाव तास थांबून बघायला हरकत नाही.

मग घडीचं चित्र. ए-फोर कागदाला घड्या घालून चार आडवे भाग करा. पहिला डोकं काढतो, मानेच्या दोन रेघा घडीपलीकडे अर्धा सेंमी नेतो आणि आपला भाग मागे दुमडतो. पुढच्याला फक्त त्या रेघा दिसतात, तो धड जोडतो, तिसरा पाय, चौथा पावलं. पॅरिसमधले अतिवास्तववादी (स्वप्नासारखं, अतर्क्य रेखाटणारे) चित्रकार १९२५ च्या सुमारास हाच खेळ खेळत. स्केचपेन नको, शाई मागे उतरते आणि गुपित फुटतं.

रिकामपण:
धाकटा चिडतो, 'माझं चांगलं येत नाही' म्हणतो. आणि आम्ही तिघंच असतो.

चौकटराजा:
मग तीनच भाग, पाय आणि पावलं एकत्र. त्याला डोकं द्या, तिथे कुणाशी काही जुळवावं लागत नाही. आणि सगळ्यांनीच डाव्या हाताने काढायचं (डावखुऱ्यांनी उजव्या), म्हणजे कुणाचंच चांगलं येत नाही.