विषय: हॉटेलविरोधी पिटिशनवर आपल्या मराठी मंडळाचं नाव घालायचं का?

प्रेषक: कार्यकारिणी सदस्य

नमस्कार मंडळी,
रिंगरोडजवळचं ते हॉटेल, जिथं आपण दिवाळीचं जेवण ठेवलं होतं, ते होम ऑफिसनं, म्हणजे इथल्या ब्रिटिश गृहखात्यानं, असायलम सीकर्ससाठी, म्हणजे आश्रय मागायला आलेल्यांसाठी, घेतलंय हे आतापर्यंत कानावर आलं असेलच. कौन्सिललाही, म्हणजे इथल्या नगरपालिकेलाही, म्हणे अगदी शेवटी कळवलं. त्या भागातल्या रहिवाशांनी पिटिशन काढलीये आणि मंडळाच्या नावानं सही द्याल का असं मला विचारलंय. माझं मत द्यावी असं आहे. आपण सगळे रांगेत उभे राहून आलो, व्हिसाची फी भरली, वर मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड हेल्थ सरचार्ज भरला, आणि जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, अपॉइंटमेंटसाठी अजून सकाळी आठच्या ठोक्याला फोन धरून बसतो. ह्यांचं मात्र राहणं-खाणं सरकारी. माझी मुलगी त्याच रस्त्यानं शाळेतून चालत येते, मला काळजी वाटते. हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक: माजी खजिनदार, सध्या मुक्काम पुणे

माझी हरकत आहे, जरा लांबण लागेल पण वाच.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर गोखलेनगरला आलोय हे तुला माहितीये. तुझी मेल रात्री तिला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, आम्हाला पण असंच म्हणायचे रे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती नऊ वर्षांची, नारायण पेठेतला वाडा सकाळी होता आणि संध्याकाळी नव्हता. आधी एका शाळेत ठेवलं, मग इथं निसेन हटमध्ये, ते अर्धगोल पत्र्याचे, उन्हाळ्यात आत बसवायचं नाही आणि पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. तेव्हा हा भाग गावाबाहेरच होता. शेजारच्या बंगल्यातल्या बाई आपल्या मुलींना सांगायच्या की त्या पूरग्रस्तांच्या पोरांत खेळू नका. पेठेत पाच पिढ्या राहिलेली माणसं, आठ दिवसांत त्यांचं नावच पूरग्रस्त झालं. आई आज चौऱ्याहत्तरची आहे, ते वाक्य तिला अजून त्या बाईंच्या आवाजात आठवतं.

पण आजोबा पंधराव्या दिवशी छापखान्यात कामाला परत गेले. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. पिंपरी कॅम्पचंही तेच. फाळणीनंतर सिंधी लोक तिथं आले ते हातात काही नसताना, आणि आज अख्खं पिंपरी-चिंचवड लग्नाचा बस्ता बांधायला त्या बाजारात जातं. पहिल्या दिवसापासून त्यांना टोपली घेऊन विकायला बसता आलं म्हणून हे झालं. तू म्हणशील ते आपल्याच देशाचे झाले, कायद्यानं वेगळी गोष्ट. मान्य आहे. मग कोल्हापूरजवळचं वळिवडे घे, १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, ना भाषा एक ना जेवण एक, तरी करवीरकरांनी त्यांना सामावून घेतलं.

आता तुमच्या हॉटेलमधल्या माणसाचं बघ. जेवण मिळतं म्हणून हातात आठवड्याला ९.९५ पौंड, म्हणजे एकदा बसनं जाऊन यायचं म्हटलं तरी त्यातला मोठा वाटा गेला. काम करायची बंदी. आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागला नाही तर बारा महिन्यांनी कामाच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो, तोही सरकारनं ठरवलेल्या यादीतल्याच नोकऱ्यांसाठी. फुकट खातात म्हणायचं आणि कमवू द्यायचं नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. एका खोलीत वर्ष वर्ष बसून ठेवलं तर तू आणि मी सुद्धा खचू.

आणि आपलीच आठवण काढ. १९७२ मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना ९० दिवसांत युगांडा सोडायला सांगितलं तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलनं युगांडातल्या पेपरात जाहिरात दिली होती की लेस्टरला येऊ नका. तरी लोक आले, त्यांनी दुकानं काढली, त्याच दुकानांत आपण पोहे आणि गूळ घेतो. ऑगस्ट २०२४ ला रॉदरहॅमच्या असायलम सीकर्सच्या हॉटेलला दंगलखोरांनी आग लावायचा प्रयत्न केला त्या आठवड्यात आपण ढोलताशाची प्रॅक्टिस रद्द केली, आठवतंय? तेव्हा तू स्वतः लिहिलं होतंस की एकट्यानं बाहेर पडू नका. रस्त्यावरच्या त्या माणसांनी आपला व्हिसा तपासला नसता.

कौन्सिलला आधी का सांगत नाहीत, जीपीला जादा पैसे का देत नाहीत, हे जरूर विचारा, त्या पत्रावर माझी सही आधी घ्या. पिटिशनवर मंडळाचं नाव नको.

प्रेषक: सभासद, शाळेत टीचिंग असिस्टंट

दादा, आईंचं वाचून डोळ्यात पाणी आलं, तब्येतीला जपा म्हणावं. पण एक बोलू का, पिंपरीला कुटुंबं होती, तुमच्या गोखलेनगरला कुटुंबं होती, इथं हॉटेलमध्ये बहुतेक एकटे पुरुष आहेत आणि बायकांना अंधारात तिथून जायला भीती वाटते, हे खोटं नाहीये. त्या भीतीला नुसतं द्वेष म्हणून टाकलं तर लोक आपलं ऐकणारच नाहीत. बसस्टॉपवरचे दिवे गेले तीन महिने बंद आहेत, ते आधी लावून घ्या.

प्रेषक: माजी खजिनदार

दिव्यांचं अगदी खरं, ते पत्रात पहिलं घाला ताई. एकट्या पुरुषांचं म्हणाल तर घरातला एक आधी निघतो, समुद्रात त्याचा जीव गेला तरी पोरं मागं वाचावीत म्हणून, आणि आश्रय मिळाला की मग घरच्यांना बोलावतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारनं त्या फॅमिली रियुनियनचे नवे अर्जच थांबवले. मग कुटुंबं दिसणार कुठून? आपण डिपेंडंट व्हिसावर बायको-मुलं आणली म्हणून आपण फॅमिलीवाले झालो.

प्रेषक: कार्यकारिणी सदस्य

काका, सगळं पटलं असं नाही म्हणणार. येणाऱ्यांचा आकडा कुठंतरी आवरायला हवा आणि हॉटेलं बंद व्हायला हवीत हे माझं मत कायम आहे, सरकार स्वतःच २०२९ पर्यंत बंद करू म्हणतंय. पण ऑगस्टचं विसरलो होतो. तेव्हा मुलीला मीच आठवडाभर घराबाहेर सोडलं नव्हतं.

पिटिशनवाल्यांना आज फोन करून मंडळाचं नाव देणार नाही असं सांगितलं. मी स्वतः सही करायची की नाही ते अजून ठरलेलं नाही. कौन्सिलचं पत्र ताई आणि मी मिळून लिहितोय, दिवे, जीपी, आधी कळवणं आणि कामाची परवानगी. ड्राफ्ट शुक्रवारी लिस्टवर टाकतो. तुमच्या आईंना फिजिओथेरपी सुरू झाली का?